छापील डिस्क चालते, मग घरी राइट केलेली का चालत नाही?

प्रश्न : माझ्याकडे २००९ साली घेतलेला संगणक असून त्यात डीव्हीडी रायटर आहे. गेल्या काही महिन्यांपासून विकत आणलेल्या चित्रपटांच्या डीव्हीडी आणि पुस्तकाबरोबर मिळालेल्या सीडी त्यात व्यवस्थित चालतात. मात्र घरी राइट केलेल्या डिस्क ड्राइव्ह स्वीकारत नाही. डिस्क घातली की ती दोन-तीन वेळा फिरते, थांबते, पुन्हा फिरते आणि शेवटी ड्राइव्हमध्ये डिस्क घाला, असा संदेश येतो. घरच्या सीडींपैकी फिक्या सोनेरी रंगाच्या काही चालतात, हिरवट-निळसर रंगाच्या बहुतेक चालत नाहीत. घरची डीव्हीडी तर एकही चालत नाही. शेजाऱ्यांच्या लॅपटॉपवर मागच्याच महिन्यात राइट केलेलीसुद्धा नाही. त्यांपैकी लग्नाच्या चित्रीकरणाच्या दोन जुन्या डीव्हीडी बहिणीकडच्या टीव्हीखालच्या प्लेअरवर मात्र छान लागतात. दुरुस्ती करणाऱ्याने आधी विंडोज पुन्हा टाकून दिली, त्याने काही फरक पडला नाही. आता तो ड्राइव्ह बदलायला सांगतो. माझ्या वडिलांच्या कीर्तनांचे ध्वनिमुद्रण २००५ ते २०१० या काळातल्या अशा बावीस सीडींवर असून त्याची दुसरी प्रत नाही. मी काय करावे? — एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटी आली आहे, ती म्हणजे कीर्तनांची दुसरी प्रत नाही. म्हणून ड्राइव्हकडे वळण्याआधी त्या बावीस सीडींबद्दल लिहितो. ड्राइव्हला डिस्क नीट वाचता आली नाही की विंडोज काही वेळा ती कोरी आहे असे समजते आणि वापरण्यासाठी तयार करायची का, फॉरमॅट करायची का, असे विचारते. तो प्रश्न पडद्यावर आला तर काहीही न लिहिता रद्द करा आणि डिस्क बाहेर काढा. सीडी-आर प्रकारच्या डिस्कवरचा जुना मजकूर पुसला जात नाही हे खरे. पण ती डिस्क राइट करताना बंद केलेली, म्हणजे पुढे काही लिहिता येणार नाही अशी केलेली, नसेल, तर पुढे नवे सेशन, म्हणजे एका वेळी लिहिला जाणारा भाग, लिहिले जाऊन जुन्या फाइली दिसेनाशा होऊ शकतात. आणि बावीसमध्ये एखादी जरी पुन्हा लिहिता येणारी, म्हणजे सीडी-आरडब्ल्यू, निघाली तर त्या एका होकाराने वडिलांचा आवाज जाईल. त्यामुळे ड्राइव्हची परीक्षा करताना या सीडी वापरू नयेत. त्यासाठी कमी मोलाच्या, तशाच रंगाच्या आणि तेवढ्याच जुन्या दोन-चार सीडी बाजूला काढून ठेवा.

विंडोज पुन्हा टाकण्याने काही साधणार नव्हते, हे लक्षणांवरूनच कळत होते. छापील डिस्क वाचताना आणि घरची डिस्क वाचताना संगणकातला ड्रायव्हर, म्हणजे ड्राइव्ह चालवणारे सॉफ्टवेअर, तोच असतो, केबल तीच असते आणि वीजपुरवठाही तोच असतो. यांतले काही बिघडले असते तर छापील डिस्कही अडखळली असती, किंवा ड्राइव्ह संगणकाला दिसलाच नसता. फक्त घरच्या डिस्क नाकारल्या जातात, याचा अर्थ बिघाड डिस्क आणि ड्राइव्हचे भिंग यांच्यामधल्या मिलिमीटरभर अंतरात कुठेतरी आहे, किंवा ती डिस्क ज्या पद्धतीने राइट झाली त्या पद्धतीत आहे.

छापील डिस्कमध्ये मजकूर साच्याने उमटवलेल्या सूक्ष्म खळग्यांच्या रूपात असतो आणि त्यावर अॅल्युमिनियमचा चकचकीत थर असतो. घरी राइट होणाऱ्या डिस्कमध्ये असे खळगे नसतात. तिच्यात रंगद्रव्याचा एक पातळ थर असतो आणि राइट करताना लेझर त्या थराला जागोजागी भाजतो. भाजलेल्या जागेवरून प्रकाश कमी परततो आणि ड्राइव्ह त्यालाच खळगा मानतो. साच्यातल्या खळग्यांची कड स्वच्छ असते, भाजलेल्या ठिपक्यांची कड त्या मानाने पुसट असते आणि रंगद्रव्य जसजसे जुने होते तसतशी ती आणखी पुसट होत जाते. तंदुरुस्त ड्राइव्हला हा फरक पेलवतो. भिंगावर धूळ बसलेली असेल किंवा लेझर क्षीण झाला असेल, तर छापील डिस्क अजून वाचता येते आणि घरची येत नाही, अशी मधली अवस्था काही काळ टिकते. आपला ड्राइव्ह आज त्याच अवस्थेत असावा.

आपण दिलेला रंगांचा तपशीलही फार उपयोगी आहे. सीडी-आरमध्ये मुख्यतः तीन प्रकारची रंगद्रव्ये वापरली गेली. थॅलोसायनीनची डिस्क फिकी सोनेरी किंवा फिकी हिरवट दिसते, सायनीनची हिरवट-निळसर आणि अझोची गडद निळी. यांपैकी सायनीन प्रकाशाला आणि उष्णतेला सर्वांत लवकर दाद देते. खिडकीजवळच्या कपाटात काचेआड ठेवलेल्या किंवा उन्हात गाडीत राहिलेल्या सायनीनच्या सीडी पंधरा-वीस वर्षांत अशक्त झाल्या असतील, तर त्यात नवल नाही. आपल्याकडे सोनेरी चालतात आणि हिरवट-निळसर बहुधा चालत नाहीत, यावरून डिस्कचे वयही या तक्रारीत सामील आहे असे मानावे लागते. म्हणजे अशक्त झालेल्या डिस्कची गाठ अशक्त झालेल्या ड्राइव्हशी पडली आहे.

आता सीडी आणि डीव्हीडी यांतला फरक पाहू. सीडी वाचण्यासाठी ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त लेझर लागतो, तर डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा लाल. डीव्हीडी रायटरमध्ये हे दोन्ही लेझर वेगवेगळे असतात, मात्र बाहेरचे भिंग बहुधा एकच असते. (डीव्हीडी प्लेअर नवे होते तेव्हा काहींमध्ये फक्त लाल लेझर होता आणि सीडी-आरचे रंगद्रव्य तो प्रकाश परत पाठवण्याऐवजी शोषून घेत असे. त्यामुळे त्या प्लेअरवर छापील सीडी लागे आणि घरची लागत नसे. तक्रार हुबेहूब आपल्यासारखी होती, पण कारण निराळे.) केवळ डीव्हीडी बंद पडून साऱ्या सीडी सुरळीत चालल्या असत्या, तर लाल लेझर संपत आला असे म्हणता आले असते. आपल्याकडे दोन्ही प्रकारांत अडचण आहे आणि डीव्हीडीत ती जास्त आहे. सीडीवरच्या दोन शेजारच्या ओळींत १.६ मायक्रोमीटर अंतर असते, डीव्हीडीवर ते ०.७४ मायक्रोमीटर असते. त्यामुळे भिंगावर एकच धुळीचा थर असला तरी त्याचा उपद्रव डीव्हीडीला अधिक होतो. या सगळ्यावरून माझा पहिला संशय दोन्ही लेझरना सामाईक असलेल्या भिंगावर आहे.

हा संशय पारखण्याचा एक सोपा उपाय घरातच आहे. आपल्याकडच्या चित्रपटांच्या डीव्हीडींपैकी एखादी दोन थरांची असेल. संगणकात तिचा आकार ४.७ जीबीहून मोठा दिसतो आणि खालची बाजू बऱ्याचदा किंचित सोनेरी असते. दोन थरांच्या डिस्कवरून प्रकाश एक थर असलेल्या डिस्कपेक्षा बराच कमी, साधारण १८ ते ३० टक्केच, परततो. अशी डिस्क सुरुवातीपासून शेवटपर्यंत न अडखळता चालली, तर आपल्या लाल लेझरमध्ये पुरेशी शक्ती आहे असे समजावे आणि संशय डिस्ककडे वळवावा. ती मध्येच, विशेषतः थर बदलताना, अडकली तर ड्राइव्ह दोषी आहे.

यानंतर अदलाबदलीची परीक्षा करा. बाजूला काढलेल्या त्या कमी मोलाच्या डिस्क बहिणीकडच्या किंवा शेजाऱ्यांच्या संगणकावर लावून पाहा. तिथे उघडल्या आणि आपल्याकडे नाही, तर दोष ड्राइव्हचा. तिथेही उघडल्या नाहीत, तर दोष डिस्कचा. लग्नाच्या दोन डीव्हीडींच्या बाबतीत ही परीक्षा नकळत होऊन गेली आहे आणि त्या डिस्क चांगल्या आहेत हे सिद्ध झाले आहे. नवा ड्राइव्ह घेण्याचा सल्ला चुकीचा ठरेल असे नाही, पण या परीक्षेआधी तो देणे मला पटत नाही.

शेजाऱ्यांच्या लॅपटॉपवरची डीव्हीडी मात्र वेगळे प्रकरण असण्याची शक्यता मोठी आहे. विंडोज ७ पासून पुढे कोरी डिस्क घातली की ती यूएसबी फ्लॅश ड्राइव्हसारखी वापरायची आहे की सीडी-डीव्हीडी प्लेअरसाठी, असे विचारले जाते. पहिला पर्याय निवडला तर फाइली एकेक करून डिस्कवर जातात आणि सेशन बंद होईपर्यंत ती डिस्क दुसऱ्या यंत्राच्या दृष्टीने अर्धवट असते. शेजाऱ्यांना ती डीव्हीडी त्यांच्याच लॅपटॉपमध्ये पुन्हा घालायला सांगा आणि संगणकाच्या खिडकीत त्या ड्राइव्हवर उजवे बटण दाबून सेशन बंद करण्याचा पर्याय दिसतो का ते पाहायला सांगा. दिसत असेल तर तो निवडावा आणि काम पूर्ण होईपर्यंत थांबावे. आपल्या २००९ च्या संगणकावर अजून विंडोज एक्सपी असेल तर आणखी एक अडचण संभवते. डिस्कवर फाइली मांडण्याची जी यूडीएफ नावाची पद्धत आहे, तिची २.०१ पर्यंतचीच आवृत्ती एक्सपीला वाचता येते, २.५० ही आवृत्ती व्हिस्टापासून पुढे वाचता येते. म्हणून दुसऱ्यांसाठी डिस्क राइट करताना नेहमी दुसरा पर्याय, म्हणजे प्लेअरसाठीचा, निवडायला सांगावे.

भिंग स्वच्छ करण्याची पहिली पायरी म्हणजे बारीक केसांचा ब्रश लावलेली क्लीनर डिस्क. ती एक-दोनदा फिरवून फरक पडतो का ते पाहावे. दहादा फिरवू नये, कारण भिंग अतिशय नाजूक तारांवर तोललेले असते. तिने भागले नाही तर ड्राइव्ह उघडावा लागेल. लॅपटॉपच्या ड्राइव्हमध्ये ट्रे बाहेर काढला की भिंग समोर दिसते, पण आपल्यासारख्या डेस्कटॉपच्या ड्राइव्हमध्ये ते आत असते आणि खालचे स्क्रू काढून पत्रा सोडवावा लागतो. संगणक बंद करून, वीज काढून आणि ड्राइव्ह बाहेर काढूनच हे काम करावे. उघड्या ड्राइव्हला वीज कधीही जोडू नये. राइट करणारा लेझर डोळ्याला कायमची इजा करू शकतो, आणि सीडीचा लेझर अवरक्त असल्याने तो चालू आहे हे आपल्याला नीट कळतसुद्धा नाही. कापसाच्या काडीचे टोक शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलने जेमतेम ओलसर करून भिंगावरून हलकेच फिरवावे आणि ते पूर्ण वाळू द्यावे. थिनर किंवा अॅसिटोन अजिबात नको. भिंग प्लास्टिकचे असले तर कायमचे धुरकट होईल. हात सराईत नसेल तर हे काम दुरुस्ती करणाऱ्याकडून समोर बसून करून घ्यावे, पण लेझरजवळच्या बारीक स्क्रूसारख्या पेचाला हात लावू देऊ नये. तो पिळून लेझरचा विद्युतप्रवाह वाढवला की ड्राइव्ह काही दिवस उत्तम चालतो आणि मग लेझर जळून जातो. असे ‘दुरुस्त’ झालेले ड्राइव्ह मी पाहिले आहेत आणि त्यांच्या मालकांची हळहळही पाहिली आहे.

आता पुन्हा त्या बावीस सीडींकडे येऊ. प्रत्येक सीडी आधी हातात घेऊन पाहा. मधल्या भोकाजवळ केसासारखा तडा दिसला तर ती सीडी वेगवान ड्राइव्हमध्ये मुळीच घालू नका, कारण पूर्ण वेगात सीडी मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे घेते आणि तडा गेलेली डिस्क आतच फुटू शकते. मग सीडी ट्यूबलाइटसमोर धरा. सीडीचा चकचकीत थर वरच्या, म्हणजे नाव लिहिण्याच्या बाजूला, लाखेच्या पातळ आवरणाखाली असतो, त्यामुळे खालच्या बाजूच्या ओरखड्यापेक्षा वरच्या बाजूचा ओरखडा अधिक घातक असतो. प्रकाश टाचणीच्या टोकाएवढ्या भोकांतून आरपार येत असेल तर तेवढा मजकूर गेला. खालची बाजू धुळकट असेल तर मऊ, स्वच्छ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसावी. गोल पुसल्यास ओरखडा ओळीच्या दिशेने लांबत जातो आणि चूक सुधारण्याची ड्राइव्हची यंत्रणा तिथे हात टेकते. वाचन आतल्या कडेपासून सुरू होते आणि डिस्कची ओळख तिथेच लिहिलेली असते. आतली दोन-तीन मिलिमीटर पट्टी खराब झाली तर उरलेली डिस्क शाबूत असूनही ड्राइव्ह ती अख्खी नाकारतो, म्हणून पुसताना त्या पट्टीकडे जास्त लक्ष द्यावे.

कीर्तने ऑडिओ सीडीच्या स्वरूपात असतील तर संगणकात त्यांच्या फाइली ‘ट्रॅक ०१’ अशा नावाने आणि एकेक केबी एवढ्याच आकाराच्या दिसतील. त्या कॉपी करून पेन ड्राइव्हवर टाकल्या तर काहीही हाती लागत नाही, कारण ते केवळ निर्देश असतात. अशा सीडीतून आवाज वेगळ्या पद्धतीने काढावा लागतो आणि जुन्या सीडींसाठी एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे मोफत सॉफ्टवेअर मी सुचवेन. अडलेली जागा ते पुन्हा पुन्हा वाचून जुळवते आणि जिथे जुळले नाही तिथे तसे स्पष्ट सांगते. एकेका सीडीला तास-दोन तास लागले तरी ते चालू ठेवावे. सीडीवर एमपी३ सारख्या नेहमीच्या फाइली असतील तर डीडीरेस्क्यू हे लिनक्सवरचे (विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या प्रणालीवरचे) साधन उत्तम आहे. कोणता भाग वाचला आणि कोणता राहिला याची नोंद ते एका फाइलमध्ये ठेवते, त्यामुळे तीच सीडी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून फक्त राहिलेला भाग वाचता येतो. एका ड्राइव्हला न जमलेला तुकडा दुसऱ्याला जमतो, हा माझा नेहमीचा अनुभव आहे. म्हणून या कामासाठी दोन-तीन निरनिराळे ड्राइव्ह मिळवावेत. शेजाऱ्यांचा लॅपटॉप, बहिणीकडचा संगणक आणि एखादा यूएसबीने जोडायचा बाहेरचा ड्राइव्ह एवढे पुरेसे होते. बाहेरच्या ड्राइव्हला वीज कमी पडली तर तोही नेमक्या घरच्याच डिस्क नाकारू लागतो. त्याला दोन टोकांची केबल असेल तर दोन्ही टोके संगणकाला जोडा आणि मध्ये यूएसबी हब लावू नका.

निघालेले आवाज दोन वेगवेगळ्या जागी ठेवा, एक संगणकात आणि एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आणि शक्य तर तिसरी प्रत बहिणीच्या घरी. नव्या सीडीवर राइट करायचेच असेल तर ५२ च्या वेगाने करू नका. सीडीसाठी १६ किंवा २४ आणि डीव्हीडीसाठी ८ हा वेग मला बरा वाटतो. आजच्या डिस्क फार मंद वेगासाठी बनवलेल्या नसतात, त्यामुळे अगदी तळाचा वेग निवडूनही फायदा होत नाही. राइट झालेली डिस्क दुसऱ्या ड्राइव्हवर उघडून पाहावी. ज्याने लिहिले त्यालाच वाचायला लावले तर तो स्वतःच्या चुका सहज पोटात घालतो. डिस्कवर कागदी लेबल चिकटवू नये, त्याने तोल बिघडतो. नाव बॉलपेनने न लिहिता सीडीसाठीच्या मार्करने लिहावे.

प्रश्न : मुलीच्या बारशाचे चित्रीकरण छोट्या, ८ सेंटिमीटरच्या डीव्हीडीवर करणाऱ्या व्हिडिओ कॅमेऱ्याने केले होते. ती डीव्हीडी कोणत्याही संगणकात कोरीच दिसते. खालच्या बाजूला राइट झालेला भाग डोळ्यांना स्पष्ट दिसतो. कॅमेरा आता सुरूही होत नाही. चित्रीकरण गेले म्हणायचे का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : गेले असे मुळीच समजू नका. राइट झालेला भाग डोळ्यांना दिसतो, हाच चित्रीकरण डिस्कवर असल्याचा पुरावा आहे. अशा डीव्हीडीवर सुमारे १.४ जीबी, म्हणजे मध्यम दर्जाचे अर्ध्या तासाचे चित्रीकरण मावत असे आणि ते संपल्यावर कॅमेऱ्यातच डिस्क ‘फायनलाइज’ करावी लागे. ती पायरी घाईगर्दीत राहून जाई. त्यामुळे चित्रे डिस्कवर असतात, पण ती कुठे आहेत हे सांगणारी अनुक्रमणिका लिहिलेली नसते आणि संगणक तिला कोरी समजतो.

पहिला मार्ग म्हणजे त्याच कंपनीचा, शक्यतो त्याच मालिकेतला, चालू स्थितीतला कॅमेरा ओळखीत शोधणे आणि त्यात ही डिस्क घालून फायनलाइज करणे. त्याआधी मात्र कॅमेऱ्याने डिस्क ओळखून तिच्यातले प्रसंग दाखवले पाहिजेत. तो इनिशियलाइज किंवा फॉरमॅट करू का असे विचारू लागला तर लगेच थांबा. कॅमेरा मिळाला नाही तर आयसोबस्टर हे सॉफ्टवेअर वापरून पाहा. विंडोजला न दिसणारी सेशन्स ते दाखवते आणि अनुक्रमणिका नसतानाही चित्रीकरणाचे भाग शोधून काढू शकते. त्यासाठी डीव्हीडी वाचणारा नव्हे, तर राइट करणारा ड्राइव्ह घ्या, कारण न बंद केलेली डिस्क ओळखण्याची क्षमता प्रामुख्याने रायटरमध्ये असते. निघालेली फाइल व्हीएलसी या व्हिडिओ दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये लावून शेवटपर्यंत पाहा आणि मगच डिस्क परत जागेवर ठेवा.

ही ८ सेंटिमीटरची डिस्क ट्रे असलेल्या ड्राइव्हमध्येच, ट्रेच्या मधल्या लहान खोलगट भागात बसवून घाला. ज्या लॅपटॉपमध्ये डिस्क फटीतून आत ओढली जाते, त्यात ती कधीही सरकवू नका. ती आतच अडकून बसते आणि बाहेर काढण्यासाठी लॅपटॉप उघडावा लागतो.